चित्र आवाजाच्या वाटेनं

उमरी, जि. नांदेड
६ मे २०२४

वंदामि भंते,

आधी कामाचं लिहिते. पुण्याची नोकरी सोडताना तुम्ही जी लोखंडी पेटी घरी ठेवून गेलात, तिच्यातलं ते तळहाताएवढं कॉम्प्युटर मी बाहेर काढलंय. विहाराच्या अभ्यासिकेतल्या पोरांना मराठी टायपिंग यावं म्हणून तुम्ही ते केलं होतं. कीबोर्डाच्या बटणांवर हातानं लिहिलेल्या मराठी चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, त्या अजून बऱ्या आहेत. दाबलं की टीव्हीवर पंज्याएवढं अक्षर उमटायचं, ते मला आठवतंय.

आता काहीच उमटत नाही. आपल्या जुन्या टीव्हीला जोडलं, वायर लावली, बटण दाबलं. टीव्ही निळाच्या निळा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शंकरप्पांना बोलावून आणलं. त्यांनी सेट टॉप बॉक्स लावून बघितला, तर मालिका सुरू. म्हणाले, "टीव्ही ठणठणीत हाय मॅडम. ह्या खेळण्यातलं मला काई कळत न्हाई." चहा पिऊन गेले.

कशाला हवंय ते सांगते. बाबांचं ऑपरेशन झाल्याचं मी तुमच्या गोंदियाकडच्या साधना केंद्राच्या ऑफिसात फोन करून कळवलं होतं. तुमचं पोस्टकार्डही पोचलं. पण फोनवर सगळं सांगता आलं नाही. घशातली स्वरपेटी पूर्ण काढली. श्वास आता मानेतल्या छिद्रातून चालतो. बोलणं संपलं. मानेच्या बाजूची चिरफाड झाली, त्यात उजवा खांदा अधू झालाय, हात वर उचलत नाही. पाटीवर लिहायला घेतलं की रेघोट्या उमटतात. मोबाईलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत आणि दिसली तरी बोट एकदम दोन बटणांवर पडतं. परवा "पाणी" लिहायला गेले आणि भलताच शब्द आला. मोबाईल गादीवर भिरकावून दिला.

देगलूर डेपोत सगळ्यात जास्त बोलणारा ड्रायव्हर म्हणून ज्यांना ओळखत होते, ते आता दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असतात. आई अंदाजानं विचारते, चहा? पांघरूण? पंखा? चुकलं की ते डोळे मिटून घेतात.

आणि मुख्य गोष्ट ही की लातूरला पुढचे लाईट घ्यायचे आहेत. रेडिएशनला इथं सगळे लाईटच म्हणतात. एकदा नेलं होतं. तोंडाचं माप घेतलं, तालीम म्हणून टेबलावर झोपवून बघितलं. दुसऱ्या दिवशी सुरू करायचं, तर बाबा गाडीत बसेनात. ओढून बघितलं, रडून बघितलं. डाव्या हातानं पाटीवर एकच शब्द काढतात: नको. का नको, विचारलं की पाटी पालथी घालतात. आई म्हणते, खर्चाची फिकीर करून राहिले असतील. मला वाटतं, माणूस थकला. डॉक्टर म्हणाले, उशीर केला तर ऑपरेशन करून न केल्यासारखं होईल.

तुम्हाला आता असल्या यंत्रांची कामं विचारणं बरोबर आहे का, ते मला ठाऊक नाही. पण दुसरं कोणाला विचारू?

बाकी घरी सगळं बरं आहे. पत्र लिहितेय हे बाबांना सांगायचं राहून गेलं.

तुमची ताई,
प्रियदर्शनी


उमरी
१५ मे २०२४

वंदामि भंते,

तुमचं पत्र स्पीड पोस्टानं काल आलं. चार ओळी विचारपूस आणि बाकी सगळं काम. मी शाळेत इतकी वर्षं शिकवतेय, पण असं स्वच्छ लिहिणं मला जमत नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलली की थांबा आणि बघा. काही दिसलं नाही तर तेही लिहून कळवा, न दिसणं हीसुद्धा माहिती आहे." हे वाक्य मी शाळा उघडली की फळ्यावर लिहिणार आहे.

तुम्ही विचारलेलं एकेक सांगते.

लाल दिवा लागतो. पक्का लागतो, मिणमिणत नाही. आधी मी मोबाईलचा चार्जर लावला होता, तेव्हा तो अधूनमधून जात होता. तुम्ही लिहिल्याप्रमाणे पेटीतला जाड वायरीचा चार्जर शोधून लावला, तेव्हापासून स्थिर आहे. पण टीव्ही निळाच.

हिरवा दिवा चालू केल्याबरोबर लुकलुकतो, मग शांत होतो. तुम्ही म्हणता त्या हिशेबानं मेमरी कार्ड वाचलं जातंय, म्हणजे यंत्र आतून जागं आहे. तरी कार्ड काढून, सुती कापडानं पुसून परत बसवलं. टीव्ही निळाच.

रिमोटवर एव्ही केलं. टीव्ही आधी चालू आणि कॉम्प्युटर नंतर, असंही करून बघितलं. निळाच.

एक सांगायचं राहिलं होतं. पेटीतली जुनी वायर उंदरानं कुरतडली होती. मी नांदेडहून नवी आणली. अगदी तशीच आहे, एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल. रंगाला रंग जुळवून लावली, त्यात काही चूक नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते.

मी टीव्हीसमोर बसून तुमचं पत्र मोठ्यानं वाचत एकेक करत होते. बाबा खाटेवरून बघत होते. त्यांनी हातानं विचारलं, कोणाचं? मी म्हणाले, "कंपनीचं पत्र आहे, बाबा." आतून आईचा आवाज आला, "कंपनी कशाची आली? सुगताचं पत्र हाय. तुमच्या ल्योकाचं."

बाबा उठले आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी आईवर चिडले. ती कणीक मळता मळता म्हणाली, "कवर लपवायचं? मी न्हाई लपवणार. त्या दिवशी बी मी लपवलं न्हाई."

तिला तुमच्या प्रव्रज्येचा, तुम्ही भिक्खू झालात तो दिवस म्हणायचा होता. मंडपात आईवडिलांनी पुढं होऊन वंदन करायचं, तेव्हा ती एकटी पुढं झाली आणि बाबा चपला घालून रस्त्यावर निघून गेले. "ज्याला खांद्यावर बसवून यात्रा दाखवली त्याच्या पाया पडू?" हे ते एसटीत बसल्यावर बोलले आणि मग तुमच्याबद्दल पुन्हा काहीच बोलले नाहीत. तुम्हाला हे कोणी सांगितलं असेल-नसेल. मी आता लिहून टाकते.

तर, ओट्यावरून ते थोड्या वेळानं आत आले. कोणाकडं बघितलं नाही. सरळ खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, तुमच्या पत्रावर बोट ठेवलं आणि ते बोट हवेत पुढं ढकललं. पुढं वाच.

भंते, ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते आपणहून खाटेवरून उठले होते.

मग मी वाचायचं आणि त्यांनी बघायचं, असं चाललं. सगळं करून झालं, टीव्ही निळाच, मी आवराआवर करायला लागले. बाबांनी माझा हात धरला. कूलरकडं बोट दाखवलं, बंद कर. बंद केला. आईकडं हात केला, भांडी वाजवू नको. घर एकदम गप्प झालं. त्यांनी टीव्हीच्या कडेला कान नेला. मग बारीक पिन कॉम्प्युटरमधून उपटली, थांबले, परत लावली, थांबले. पुन्हा उपटली. मला जवळ ओढून कान लावायला लावलं.

पिन लावली की टीव्हीतून गुणगुण येते. माशी डब्यात अडकल्यासारखी. उपटली की बंद. कूलरच्या आवाजात मला ती कधी कळलीच नव्हती.

इंजिनाचा आवाज ऐकून गाडी रस्त्यात कुठं दगा देणार हे ते सांगायचे, तुम्हाला आठवत असेल. गळ्यातलं गेलं, कानातलं शाबूत आहे. मला त्यांच्याकडं बघतच राहावंसं वाटलं. ते मात्र माझ्याकडं नाही, तुमच्या पत्राकडं बघत होते आणि पेनाकडं खुणावत होते. हे लिही म्हणून.

म्हणून लिहिते. पिन लावल्यावर गुणगुण येते. याचा काही अर्थ असेल का?

प्रियदर्शनी


उमरी
२५ मे २०२४

वंदामि भंते,

आलं! चित्र आलं!

पण क्रमानं लिहिते, नाहीतर सगळं सांडेल.

तुमचं उत्तर बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हातात पडलं. पौर्णिमेला आई विहारात गेली, बाबा गेले नाहीत. पण पोस्टमनची गाडी वाजली तेव्हा दारात जाऊन पाकीट त्यांनीच घेतलं. फोडलं नाही. मी आंघोळीला गेले होते, येईपर्यंत मांडीवर ठेवून बसले.

मी वाचायला लागले. "गुणगुण ज्यांनी ओळखली त्यांना साधुवाद. त्यांनी दुखणं शोधून दिलं."

बाबांनी बोट मागं नेलं. परत वाच. मी परत वाचलं.

"यंत्र चित्र पाठवत आहे. पण ते चित्र आवाजाच्या वाटेनं जात आहे, म्हणून टीव्ही ते दाखवत नाही, गुणगुणतो. नवी वायर दिसायला जुन्यासारखीच असली तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. रंगांवर विश्वास ठेवू नका. लाल पिन काढून पिवळ्या जागेत लावून बघा. नाही आलं तर पांढरी लावा. यानं काही जळत नाही."

मी पुढं सरकले, तर बाबांनी मला बाजूला केलं. टीव्हीच्या मागं वाकणं त्यांना सोपं नाही, मान वळत नाही, उजवा हात कामाचा नाही. आई म्हणाली, "अवो, पोरगी करती की." त्यांनी ऐकलं नाही. डाव्या हातानं चाचपत पिवळी पिन काढली, लाल पिन पिवळ्या जागी नेली, आणि आत ढकलली.

निळं गेलं. काळं झालं. मग वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर धावल्या, मी घाबरले, मग सगळं पुसलं गेलं आणि मधोमध एक उभी रेघ उघडमीट करायला लागली. तुमची तीच रेघ. लिही म्हणून वाट बघणारी.

आई म्हणाली, "हे काय, एक काडीच हाय!"

बाबा खुर्चीत बसले. कीबोर्ड मांडीवर घेतला. चिकटवलेल्या चिठ्ठ्या एकेक वाचत डाव्या हाताचं बोट फिरवत राहिले. भ सापडला. मग काना. मग ज. कितीतरी वेळानं टीव्हीवर उभं राहिलं:

भाजी अळनी होती

आईला मी वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग रडली, मग चिडली. "एवढ्या दिवसानं त्वांड उघडलं आन् भाजीला नावं ठेवली? मीठ बरोबर हाय! तुमची चव गेली ऑपरेशनात!"

बाबांनी लिहिलं: मग ठीक

आम्ही तिघंही हसलो. बाबांचं हसू आता नुसतं हवेचं असतं, मानेतून फुसफुस येते. पण खांदे हलत होते.

मग मी विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "बाबा, लातूरला का नको?"

त्यांनी बोट बटणांवरून उचललं. मला वाटलं, आता कीबोर्ड बाजूला ठेवणार. पण लिहायला लागले. एकेक अक्षर शोधत, चुकलं तर पुसत. मी मध्ये मदत करायला गेले तर हात झटकला. मी आईसाठी ओळ पूर्ण झाली की वाचत होते.

तोंडावर जाळी बसवतात. मापाची. ती टेबलाला अडकवतात. मान हालत नाही. कायच हालत नाही.

"मग?" आई म्हणाली.

पोरगी चांगली होती. म्हनली बाबा काही वाटल तर आवाज द्या. मग जाड दार लावून गेली.

पुढची ओळ आली आणि मला ती वाचता येईना. आई म्हणाली, "थांबलीस का? वाच की."

गुदमरलो तर आवाज कुठून देऊ

भंते, आपण काय काय समजत होतो! पैशाची फिकीर, थकले, जगायचं नाही. मी तर मनातल्या मनात त्यांच्यावर रागावलेसुद्धा होते, की आम्ही एवढं करतोय आणि हे हट्ट धरून बसलेत. त्यांचा प्रश्न इतका सरळ होता. एका माणसाला टेबलाला बांधून सांगितलं की लागलं तर हाक मार, आणि त्याला हाक नाही. ते एकटे त्या बंद खोलीत किती वेळ पडून होते कोण जाणे, आणि बाहेर आल्यावर हे सांगायलाही त्यांच्याजवळ वाट नव्हती. तरी त्यांनी कोणावर आदळआपट केली नाही. "पोरगी चांगली होती" हे आधी लिहिलं, मग तक्रार लिहिली.

आई उठली, डोळ्यांना पदर लावला, आत जाऊन पिशवी घेऊन आली आणि त्यांचा टॉवेल, सदरा भरायला लागली.

मी म्हणाले, "आई, अगं आज नाही, फोन करून तारीख घ्यावी लागेल."

"घे मग! मुक्या मानसाला म्हनं आवाज द्या. मी बोलते तिच्यासंगट. तुम्ही चला वो, मी दाराशी उभी ऱ्हाते."

बाबांनी तिच्याकडं बघितलं. मग कीबोर्डावर बोट फिरवून लिहिलं:

हात मोकळे आसतात. हात दाखवला तर बघतील का विचारा

उपायही त्यांनीच काढून ठेवला होता. विचारायचंच तेवढं राहिलं होतं.

टीव्हीचा फोटो मोबाईलमध्ये काढून घेतलाय. परवा लातूरला निघतोय.

प्रियदर्शनी


लातूर
१९ जून २०२४

वंदामि भंते,

घाईत लिहितेय. शाळा उघडली आहे, रजा वाढवून घेतली. लाईट व्यवस्थित सुरू आहेत. गिळायला त्रास होतो, मानेची कातडी काळवंडलीय, पण एकही दिवस चुकला नाही.

पहिल्या दिवसाचं सांगते. ती टेक्निशियन मुलगी औशाची, अयोध्या नाव. आई तिच्याशी भांडायच्या तयारीनं गेली होती. मी आधी पुढं होऊन मोबाईलमधला फोटो दाखवला. तिनं टीव्हीवरची ती ओळ वाचली. परत वाचली. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मॅडम, मी रोज सगळ्यांना हेच म्हणते. सवयीनं तोंडातून निघतं. काकांना मी काय म्हणून गेले हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

आईचं भांडण तिथंच विरघळलं. "असू दे माय," म्हणाली.

मग अयोध्यानं बाबांना बाहेरच्या खोलीत नेलं आणि आतल्या टेबलावर रोखलेल्या कॅमेऱ्यातलं ज्याच्यावर दिसतं तो पडदा दाखवला. "काका, मी इथं बसते. तुमच्यावरून नजर काढत नाही. डावा हात उचलला की मशीन बंद करून आत." बाबांनी मान हलवली, म्हणजे जेवढी हलते तेवढी. पण त्यांच्या डोळ्यांत विश्वास नव्हता.

जाळी बसवली. दार लागलं. मशीन सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर हात वर गेलेला दिसला. अयोध्या धावत आत. जाळी सोडली, काय झालं काका? काही नाही. बाबांनी परत बसव म्हणून खूण केली. परत बसवली, परत दार, परत हात वर. ती परत धावली. तिसऱ्यांदाही. मला लाज वाटायला लागली, बाहेर पेशंटांची रांग होती. मी म्हणाले, "अहो, ते उगीच..."

ती म्हणाली, "उगीच नाही मॅडम. ब्रेक लागतो का बघून राहिलेत. बघू द्या."

ते ड्रायव्हर होते हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. चौथ्यांदा दार लागलं, तेव्हा हात खाली राहिला.

आता ती ज्यांचा आवाज गेलाय त्या प्रत्येकाला आधी पडदा दाखवते आणि हात उचलायची तालीम करून घेते. मी विचारलं नाही, तीच सांगत होती.

आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहतो. बाबांनी कॉम्प्युटर बरोबर आणायला लावलं, कपड्यांच्या घडीत गुंडाळून. इथल्या हॉलमध्ये जुना टीव्ही आहे, लाल पिन पिवळ्या जागी बाबाच लावतात, कोणाला हात लावू देत नाहीत. निलंग्याकडचे मल्लिनाथ म्हणून एक गृहस्थ आहेत, तेच ऑपरेशन, तेच लाईट. संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसतात आणि आळीपाळीनं लिहितात. परवा उदगीरचा रस्ता चांगला की निलंग्याचा यावरून इतकं जुंपलं की मल्लिनाथांनी कीबोर्ड हिसकावून घेतला. सगळा हॉल वाचत होता आणि हसत होता. दोन माणसं, दोघांनाही आवाज नाही, आणि धर्मशाळेचा मॅनेजर येऊन म्हणतो, "जरा हळू!" मग त्यालाच हसू आलं.

आई बाजूला बसून मला विचारते, "आता काय म्हनले? आन् त्यो काय म्हनला?" 

मी वाचून वाचून थकते. थकायला बरं वाटतं.

प्रियदर्शनी


उमरी
४ ऑगस्ट २०२४

वंदामि भंते,

खालचं पत्र बाबांचं आहे. दोन दिवस टीव्हीवर लिहीत होते, मी उतरवून घेतलं. शुद्धलेखन सुधारायचं नाही अशी ताकीद आहे. आई शेजारी बसून आहे, तिचे आशीर्वाद म्हणायचे की वंदन, ते ती ठरवेल.

प्रियदर्शनी

*

भंते,

लाईट सगळे झाले. मानेची कातडी भाजल्यावानी झाली होती, आता खपली धरून राहिली. डॉक्टरनी तपासलं. म्हनले सध्या साफ हाय, दाखवत ऱ्हा. खातो पितो. चव अजून नाही. तुमच्या आईला वाटतं मी मुद्दाम म्हनतो.

मशीन चांगलं केलंय. मी विहारात घेऊन गेलो होतो. अभ्यासिकेतली पोरं म्हनली आजोबा हे आमचं हाय. मी म्हनलं बरोबर हाय तुमचं. आता दुपारपर्यंत त्यांचं आनि संध्याकाळी माझं. अक्षरं त्यांना मी दाखवतो. एक खोट सांगतो. ळ चं बटन लई कडक हाय. डाळ लिहायला जोर लागतो.

तुमची पत्रं प्रिया मोठ्यानं वाचायची. मी समजत होतो तुम्ही सगळं शिकलेलं टाकून देऊन बसलात. तसं नाही. तुम्ही शंभर-दीडशे कोसांवर बसून माझ्या घरातला टीव्ही बघितला. न बघता. कोनाला घाई केली नाही, कोनाची चूक काढली नाही. प्रियानी वायर चुकीची आनली तर तुम्ही लिहिलं रंगांवर विश्वास ठेवू नका. आमच्या डेपोत असा एकच मिस्त्री होता. त्याच्या हाताखाली मी उभा राहून बघायचो. असं बघायला लई वर्षं लागतात. तुम्हाला एवढ्या कमी वयात कसं आलं ते मला माहीत नाही. पन आलंय.

पाया पडायचं माझ्याच्यानं होईल का नाही ते आज सांगत नाही. इथं बसून सांगता येत नाही.

तुमची आई म्हनते सुगताला आता बोलवून घ्या. मी म्हनलं वर्षावास लागला. कोजागिरीपर्यंत भंतेंना मुक्काम सोडता येत नाही. ती म्हनली तुम्हाला कोनी सांगितलं. मी विहारातून विचारून आलो होतो. तुम्ही गेला तवाच विचारून आलो होतो. तिला माहीत नव्हतं.

म्हनून आम्हीच येतो. डॉक्टरला विचारलं, हो म्हनले. धूळ जाऊ नये म्हनून मानेला रुमाल बांधतो. उमरीहून नांदेड, नांदेडहून नागपूर, पुढं गोंदिया. नागपूरपर्यंत रस्ता माझ्या ओळखीचा हाय. पुढचा मी कधी चालवला नाही, तो बघायचा हाय. माझा एसटीचा पास चालतो. प्रिया म्हनते रेल्वेनी जा. रेल्वेत बसून रस्ता दिसत नाही.

गोंदियाच्या पुढं कोनती गाडी आनि ती कुठवर येते ते कळवा. शेवटच्या थांब्याचं नाव लिहा. तिथून जंगलात किती चालायचं ते लिहू नको, तुझी आई भिऊन जाईल.

ज्ञानोबा